हणमंतप्पांची चंची

हणमंतप्पांनी चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली आणि एका दुपारी सोडली, ती कायमची. मी ती सात वेळा सोडली आणि आठ वेळा धरली. त्यांच्याबद्दल सांगायचं तर मला आधी माझं थोबाड दाखवावं लागेल. ते दाखवण्यासारखं नाही, तरी दाखवतो.

हणमंतप्पा लोहाऱ्याजवळच्या खेड्यातले पानमळेवाले. अंगानं काटक, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात लिंग आणि कमरेला चंची. आता चंची कुणी बाळगत नाही म्हणून सांगतो, ती कापडी कप्प्यांची गुंडाळी असते. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी, आणि वरून दोरी गुंडाळून गाठ. अप्पांची गाठ एका ओढीत सुटायची. बाजारात पारावर ते बसले की तीन-चार तळवे आपोआप पुढे यायचे आणि अप्पा प्रत्येकावर चिमूट ठेवायचे. आमच्याकडे तंबाखू मागायला लाज नसते आणि नाही म्हणायला मात्र असते.

विहीर आटली तसा पानमळा गेला. अप्पा साठीला आलेले. त्याच सुमारास त्यांच्या बायकोच्या, शिवकांताकाकूंच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काकूंना साखर होती. काटा निघाला पण जखम भरेना. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जखमेत जो जंतू बसलाय तो कुठल्याच इंजेक्शनला जुमानत नाही. एकामागून एक औषधं झाली आणि शेवटी दोन बोटं कापावी लागली. बोटं कापायच्या आदल्या दिवशी अप्पांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि बायकोसमोर शपथ घेतली, हिचा पाय वाचू दे, तंबाखूला पुन्हा शिवणार नाही. पाय वाचला. लिंगायत माणसानं लिंग हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे काय, ते मला कळायला फार उशीर लागला.

आता मी. माझं नाव योगीराज, गाव लोहारा. लातूरला शिकलो, चार वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत काढली. त्या लोकांनी आमच्या भागात, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात एक काचघर उभं केलं आणि मला त्याचा प्रमुख करून पाठवलं. वरच्या साहेब म्हणजे शिवानी मॅडम. त्या पुण्याला असत आणि महिन्यातून एकदा येत. बाकी इथला राजा मीच. गावात लोक मला साहेब म्हणायला लागले आणि मी ते म्हणू दिलं.

काचघरात तंबाखूच्याच जातकुळीतलं एक बारीक रानटी रोप होतं. माणसाच्या शरीरात जंतू शिरला की शरीर त्याला पकडणारे कण तयार करतं, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. ती कशी बनवायची याची माणसातली सूचना उचलून या रोपात घातलेली होती. त्यामुळे रोप वाढता वाढता पानात माणसाची प्रतिपिंडं तयार करायचं. पानं खुडायची, वाटायची, रसातून ती वेगळी काढायची. औषधांना न जुमानणाऱ्या जखमेतल्या जंतूवर ती चालतात का, हे आधी उंदरांवर बघायचं होतं. माणसापर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागतील, ते मॅडमनाही सांगता येत नव्हतं.

माळी हवा होता. अप्पा विचारायला आले तेव्हा मी त्यांना हे सगळं सोपं करून सांगितलं. ऐकून घेतलं आणि त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी बोटं कापावी लागनार न्हाईत?"

"अप्पा, त्याला लई वर्षं लागतील. आणि होईलच असंही नाही."

"लागू द्या की. आंब्याची कोय लावनारा त्याच साली आंबा खातो व्हय?"

मग मी अट सांगितली. हे रोप फार नाजूक. तंबाखूचा एक विषाणू असतो, तो वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. तंबाखू मळलेला हात रोपाला लागला की रोप गेलं. अप्पा हसले आणि लिंगावर घेतलेल्या शपथेची हकीकत सांगितली. "खायची सोडून वरीस झालं, साहेब. पन चंची कमरेलाच हाय. लोक मागतात, द्यावी लागती. आजपासनं ती बी नगं." त्यांनी कमरेची चंची सोडली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्यापाशी ठेवा. घरी ठिवली तर कुनी ना कुनी मागंल. बापाची हाय, टाकवत न्हाय."

मी ती टेबलाच्या खणात टाकली. आगीजवळ लोणी ठेवायचं म्हणतात ते हेच.

गावात चेष्टा झाली. हणमंतप्पानं तंबाखू सोडली आणि तंबाखूच्याच रानात नोकरी धरली म्हणून. अप्पांना त्याचं काही नाही. पानमळ्याची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, पारोसा माणूस आत घेत नाहीत. मॅडमनी दिलेली नियमांची छापील यादी अप्पांना वाचता येत नव्हती आणि तिची गरजही नव्हती. त्यांनी दारात घंगाळ ठेवलं, त्यात दुधाची पावडर कालवलेलं पाणी. साबणानं हात धुवायचे, मग दुधात बुडवायचे. दूध त्या विषाणूला बांधून ठेवतं, हे मॅडमनी सांगितलेलं. अप्पा म्हणायचे, "पिंडीवर दूध घालतोच की आपन. हितं हातावर."

पण त्यांचा भरवसा दुधापेक्षा नाकावर. काचघरात कामाला दगडाबाई आणि आणखी दोन बाया होत्या, वायरमन यायचा, पाण्याच्या टाकीचा माणूस यायचा. प्रत्येकाला अप्पा दारात थांबवायचे. "हात दावा." तळहात धरून हुंगायचे. चाळीस वर्षं खाल्लेला माणूस, दोन दिवसांपूर्वी मळलेली तंबाखूसुद्धा त्यांना कळायची. वायरमनला त्यांनी एकदा परत पाठवला, तो शिव्या घालत गेला आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आला. सगळ्यांचे हात हुंगले जायचे. फक्त माझे नाहीत. पहिल्या दिवशी मी हात पुढे केला होता, तेव्हा अप्पा एक पाऊल मागे सरले. "न्हाय न्हाय, साहेब. तुमचा हात हुंगायचा व्हय? शिकली-सवरली मानसं तुमी."

मी हात मागे घेतला. मला ते आवडलं, हे कबूल करतो.

माझी तंबाखू कुणाला माहीत नव्हती. लग्नाच्या वेळी ज्ञानेश्वरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तीच एक अट घातलेली आणि मी छातीवर हात ठेवून हो म्हटलेलं. सहा महिने पाळलंही. मग एकदा मॅडमचा फोनवर ओरडा खाल्ला, खण उघडला, आणि समोर चंची. एक चिमूट. मग आठवड्याला एक, मग रोज. अप्पांची काळी पानाची तंबाखू संपली तेव्हा मी लोहाऱ्याच्या टपरीवरून पुडी आणून त्याच कप्प्यात ओतली. म्हणजे चोरी झाकायला भर घालणारा चोर. तंबाखू मळली की साबणानं हात धुवायचो, आणि आत जाताना हातमोजे घालायचोच. एवढी काळजी घेतो म्हणजे मी शहाणा, असा माझा समज होता.

तो दिवस पौष महिन्यातला. सकाळी मॅडमचा फोन आला, दुपारी पाहुणे घेऊन येते, सहाशे रोपांना नवे टॅग बांधलेले हवेत. टॅग बांधणं अप्पांचं काम. पण त्या दिवशी काकूंचा पाय डॉक्टरला दाखवायला त्यांना तुळजापूरला जायचं होतं आणि अर्ध्या दिवसाची रजा मी तोंडीच दिली होती, वहीत नोंद न करता. म्हटलं, म्हाताऱ्याची रजा कशाला कापायची. माझ्या चांगुलपणाचा मला त्या काळात फार अभिमान होता.

बायांना मी झाडलोटीला लावलं आणि घाईत खण उघडला, तंबाखू मळली, ओठात ठेवली, हात पँटला पुसले आणि आत शिरलो. टॅगची तार बारीक. हातमोजे घालून गाठ बसेना. मी मोजे काढून खिशात घातले. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतली दोनशे रोपं मी उघड्या हातानं बांधली. मग अप्पा आले, घाम पुसत, हात दुधात बुडवून, आणि उरलेल्या ओळी त्यांनी हातमोजे घालून बांधल्या. पाहुणे खूश झाले आणि फोटो काढून गेले.

दहाव्या दिवशी अप्पांनी मला आत बोलावलं. "साहेब, पान बघा. केवडा वाटतोय मला." भेंडीवर पडतो तसा पिवळा-हिरवा चट्टा, पान आक्रसलेलं. तिसरी ओळ आणि चौथी. बाकी ओळी तोपर्यंत स्वच्छ. मी त्या दोन ओळींकडे बघितलं. मला नमुना पुण्याला पाठवायची गरज नव्हती. कुणी केलंय ते रोपांनी ओळीनं मांडून ठेवलं होतं.

आठवड्याभरात ते सगळीकडे पसरलं. पुण्याहून अहवाल आला, तंबाखूचाच विषाणू. मॅडम आल्या त्या सरळ काचघराच्या दारात, सगळ्यांना ओळीत उभं करून.

"इथं तंबाखू कोण खातं?"

दगडाबाई मिश्री लावायची ती केव्हाच सोडलेली. अप्पा टोपी हातात घेऊन उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, रोपांसाठी.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांची कपाटं आणि पिशव्या बघते. योगीराज, तुमच्या टेबलापासून सुरुवात करू. प्रमुखापासून केलेलं बरं."

त्या दाराशेजारच्या माझ्या टेबलाकडे वळल्या. चार पावलं होती. त्या चार पावलांत मला सांगता आलं असतं. त्याऐवजी मी पुढे झालो, खण स्वतः उघडला, चंची बाहेर काढली आणि म्हणालो, "मॅडम, ही हणमंतप्पांची आहे."

एक अक्षरही खोटं नव्हतं. चंची त्यांचीच होती. मी एवढंच बोललो आणि गप्प बसलो, बाकीचं खोटं त्या गप्प बसण्यानं केलं.

मॅडमनी चंची अप्पांच्या हातात दिली. "ही तुमची?"

अप्पांनी नेहमीसारखी दोरी ओढली. गाठ सुटली नाही. पुन्हा ओढली. मी बांधलेली गाठ, दुहेरी, घट्ट बसलेली. त्यांनी गाठीकडे बघितलं. चंची नाकाजवळ नेली. ती काळी तंबाखू नव्हती, पुडीची होती, तिचा वासच वेगळा. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी तिथल्या तिथं कबूल झालो असतो, असं मी स्वतःला सांगतो, पण तेही खरं नसावं.

"व्हय," अप्पा म्हणाले. "चंची माझीच हाय."

"टॅग तुम्हीच बांधले होते?"

अप्पा पुन्हा माझ्याकडे बघून थांबले. ते तुळजापूरला होते हे सांगितलं असतं, तर वहीत नसलेली रजा मी का दिली हा प्रश्न माझ्यावर आला असता. "टॅग बांधायचं काम माझंच हाय," ते म्हणाले.

मॅडमना दोष देत नाही. त्यांची आठ महिन्यांची मेहनत गेली होती, उंदरांवरची चाचणी लांबणीवर पडली होती. त्या म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी शाळेत दहा वेळा लिहिली असेल. सुळी उभारणारा मीच निघालो.

रोपं जाळायची होती. बदललेली रोपं बाहेर जाऊ द्यायची नसतात. आधी वाफेच्या भट्टीत घालायची, मग जाळायची. अप्पा म्हणाले, "एवढं करून जातो." एकेक ट्रे छातीशी धरून त्यांनी भट्टीपाशी नेला, सहाशेची सहाशे. संध्याकाळ झाली. शेवटी दारातलं घंगाळ धुऊन पालथं घातलं, चंची पिशवीत टाकली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "येतो, साहेब." मी म्हणालो, "अप्पा, जपून जा."

नंतरचे दोन महिने मी तंबाखूला शिवलो नाही. त्यात काही पुरुषार्थ नव्हता. तोंडाजवळ नेली की ओकारी यायची. नवी रोपं लावली. दारात दगडाबाई बसायला लागली. ती एकदा घंगाळात दूध कालवताना म्हणाली, "असं वाटलं नव्हतं बगा अप्पाचं. पन चाळीस वरसाची सवय, सुटती व्हय?"

"अवघड असतं," मी म्हणालो. मान हलवून म्हणालो. पहिल्या वेळी निदान घाबरलो होतो. या वेळी घाबरायचं काही कारणही नव्हतं.

हे असंच चाललं असतं. माझ्यासारखी माणसं आयुष्यभर असं चालवू शकतात. पण चैत्रात एक दिवस दगडाबाई लोहाऱ्याच्या बाजारातून बातमी घेऊन आली. शिवकांताबाईची जखम पुन्हा उघडलीय. पायाला सूज आहे. आणि बाई नवऱ्याला पट्टी बांधू देत नाही.

"का?" मी विचारलं.

"लिंग हातात घिऊन शपत घेतली हुती म्हनं त्यानं, हिच्या पायासाठी. ती मोडली म्हनून पाय पुन्यांदा सडाय लागला, असं तिच्या मनानं घेतलंय. म्हनती, ज्या हातानं शपत मोडली त्यो हात माझ्या पायाला नगं. शेजारीन कशीबशी बांधती. ती काय दवाखान्यातली हाय?"

मी त्या बाईंच्या पायाची गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचो. औषधांना दाद न देणारा जंतू, कापलेली बोटं, आणि त्यावर आपण करत असलेलं काम. आता त्याच पायावरची पट्टी माझ्यामुळे सुटली होती. त्या दुपारी मी जीप पकडली. जीपमध्ये एक जण तळवा पुढे करून म्हणाला, "हाय का साहेब, चिमूटभर?" मी बाहेर बघत बसलो.

अप्पांचं घर पत्र्याचं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. काकू ओसरीवर बसलेल्या, पाय पाटावर. समोर दोन हातांवर एक थाळी, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी, कापूस, पट्टी, सगळं नीट मांडलेलं. अप्पा थाळीपलीकडे बसलेले. ते रोज सकाळी थाळी मांडत आणि ती तशीच उचलत, हे मला नंतर कळलं. काकूंनी मला बघितलं आणि पदर सावरला.

"या साहेब. बसा. तुमी नोकरीला लावलं हुतं ह्यांस्नी, तुमचं नाव राखलं न्हाय. आमाला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाय यांनी."

अप्पांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. दोन महिने बायको तोंडावर खोटारडा म्हणत होती आणि या माणसानं माझं नाव घेतलं नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "अप्पांनी शपथ मोडली नाही."

अप्पा चटकन उठले. "कशाला आलाव, साहेब? ऱ्हाऊ द्या. झालं ते झालं."

"त्यांनी तंबाखूला हातही लावला नाही. चंची त्यांनी माझ्याकडं ठेवायला दिली होती. तिच्यातली मी खात होतो. रोपांना हात माझे लागले. मॅडमनी विचारलं तेव्हा मी चंची काढून त्यांच्यावर ढकललं."

बोलून झाल्यावर कुठं बघावं कळेना. मी थाळीतल्या कापसाकडे बघत बसलो. काकू नवऱ्याकडे वळल्या आणि घरच्या कानडीत काहीतरी विचारलं. काकूंनी पुन्हा विचारलं, जोरात. अप्पांनी होय म्हणून मान हलवली.

"बोलला का न्हाय तुमी?" आता त्या मराठीत बोलल्या, मलाही कळावं म्हणून. "दोन म्हयने म्या तुमास्नी काय काय बोलले."

"काय बोलू?" अप्पा म्हणाले. "बापाची चंची म्हनून जाळली न्हाय. ल्योकाच्या हातात इस्तू दिला आन हात भाजला म्हनून बोंब मारू? चूक माझी बी हायच की. आन त्यांचं नवं लगीन. हितला एक तर मानूस साहेब झालेला."

हे ऐकलं आणि मला वाटलं, यापेक्षा यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडलो असं सांगितलं तर ते चांगलं दिसेल. मी रडलो नाही. मला फक्त तिथून पळून जावंसं वाटत होतं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. "साहेब, एक इचारू? दोन म्हयने का थांबला?"

मी पाटावरच्या पायाकडे बघितलं.

"तुमच्या आईला ठावं हाय हे?"

"नाही."

"सांगा तिला," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलला, पाटासकट पुढे सरकवला, नवऱ्याच्या बाजूला. "घ्या, बांधा आता. लई ठणकतंय."

अप्पा हात धुवायला गेले. किती वेळ धुत होते. परत आले आणि पट्टी सोडायला बसले. जखम मी बघितली. माझ्या अहवालांत तिचं वर्णन सहा ओळींचं होतं. प्रत्यक्षात तिला वास होता. मी दुसऱ्या दिवशी गाडी करून काकूंना सोलापूरला पोचवलं आणि आणखी एका बोटावर निभावलं. पण ते तिसरं बोट गेलंच. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आला असता तर कदाचित वाचलं असतं. ते ‘कदाचित’ मी रोज घेऊन झोपतो.

दवाखान्यातूनच मी मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, लेखी द्या. मी लिहून दिलं, ज्ञानेश्वरीला वाचून दाखवलं, आईला सांगितलं. ज्ञानेश्वरी आठ दिवस माहेरी जाऊन राहिली. आई त्या दिवसापासून मला ताटात वाढते आणि समोर बसत नाही. मॅडमनी माझ्याकडचं प्रमुखपद काढलं, मला नोंदी ठेवायच्या कामावर घेतलं आणि काचघराची किल्ली अप्पांकडे द्यायला सांगितली. त्या स्वतः त्यांच्या अंगणात जाऊन माफी मागून आल्या. अप्पा म्हणाले, "तुमची काय चूक, बाई." चंचीचं काय केलं, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. कमरेला ती दिसली नाही.

अप्पा कामावर आले तो सोमवार. घंगाळ पुन्हा सुलटं झालेलं, दूध कालवलेलं. दारात ओळ लागली. दगडाबाई, दोघी बाया, वायरमन, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. अप्पा एकेकाचा तळहात हुंगत होते आणि आत सोडत होते. दगडाबाई हात देताना म्हणाली, "चुकलं अप्पा माझं," आणि ते हसून म्हणाले, "जा, जा, पानं खुडायची ऱ्हायल्यात."

माझी पाळी आली. अप्पा बाजूला झाले, मला वाट दिली. "जावा साहेब."

"साहेब नका म्हणू," मी म्हणालो आणि दोन्ही तळवे पुढे केले. "हुंगा, अप्पा."

"ऱ्हाऊ द्या हो."

"सगळ्यांचे हुंगता. माझे हुंगल्याशिवाय मी आत जाणार नाही."

आतून बाया बघत होत्या. मग अप्पांनी माझे हात आपल्या खरखरीत हातात घेतले, वाकले आणि हुंगले. साबणाशिवाय दुसरा वास नव्हता, मला माहीत होतं. पण वाकलेली मान त्यांनी वर केली नाही, माझे हात सोडले तरी नाही. ते जमिनीकडे बघत "जावा" म्हणाले, आणि जी लाज मला वाटायला हवी होती, ती माझ्या वाटणीची लाज तो म्हातारा माणूस स्वतःकडे घेत होता.